रीमेकमध्ये गोष्ट कुठे रेंगाळते आणि कुठे पळायला हवी होती : फायनल फँटसी ७ रीमेक (स्पॉयलर आहेत)

गोदाकाठ :

स्पॉयलर आहेत हो, अगदी शेवटापर्यंतचे, खेळायचा बाकी असेल तर इथूनच मागे फिरा.

कॉलेज रोडला आमचं टोळकं जमलं की हा विषय निघतोच आणि तिथे कोणी कोणाला पूर्ण बोलू देत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तर मूळ फायनल फँटसी ७ आला जानेवारी १९९७ ला, पहिल्या प्लेस्टेशनवर, तीन डिस्कचा गेम. त्यात मिडगार शहर म्हणजे निव्वळ सुरुवात, पाच-सहा, फार तर सात तासात तुम्ही शहराबाहेर. एप्रिल २०२० मध्ये रीमेक आला तो मात्र अख्खा मिडगारमध्येच संपतो. १८ चॅप्टर, साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरची कामं, धरले तर पस्तीस-चाळीस तास सहज जातात. म्हणजे आधी जी प्रस्तावना होती तिचंच पुस्तक झालं, आणि मग जो तो म्हणतो ताणलंय, पाल्हाळ लावलंय.

मला हे अर्धंच पटतं. आमचं घर पंचवटीत, लहानपणापासून कीर्तनं ऐकत आलोय. उत्तररंगात सीताहरणाचं आख्यान लागलं की समोर बसलेल्या पोरासोरांना पण माहीत असतं की ते हरीण म्हणजे मारीच, आणि पुढे काय होणार ते तर सगळ्यांनाच पाठ. तरी कोणी उठत नाही. कारण चांगला बुवा हरणापाशी रेंगाळतो, त्याची सोनेरी कातडी, सीतेचा हट्ट, लक्ष्मणाचा पाय निघत नाही ते, सगळं सावकाश, मध्ये एखादं पद सुद्धा. पण रावण दारात येऊन उभा राहिला की बुवा थांबत नाही, तिथे पद नाही की दृष्टांत नाही, सरळ गोष्ट. ज्याला हे कळत नाही तो नेमका तिथेच दृष्टांत घेऊन बसतो आणि मंडपातले लोक चपला शोधायला लागतात.

रीमेकचं पण तेच. सेक्टर ७ या वस्तीवरची प्लेट, म्हणजे खांबावर तोललेला शहराचा वरचा मजला, पडणार हे जुन्या खेळाडूला २३ वर्षं माहीत होतं. म्हणून तास किती लावले यापेक्षा कुठे लावले ते बघायला पाहिजे असं मला वाटतं.

चांगली जागा सांगतो. जेसी, म्हणजे शहर चालवणाऱ्या शिनरा कंपनीविरुद्ध लढणाऱ्या गटातली मुलगी. मूळ गेममध्ये तिच्या वाट्याला किती आलं होतं? ट्रेनमध्ये तिने दाखवलेला नकाशा, चार वाक्यं, आणि मग प्लेट तोलणाऱ्या पिलरच्या जिन्यावर मरण. रीमेकमध्ये चॅप्टर ४ जवळपास तिचाच आहे. रात्री बाइकवरून वरच्या प्लेटवर तिच्या आईवडिलांच्या घरी जायचं, पुढच्या खोलीत आई पिझ्झा वाढतेय, गटातलेच बिग्ज आणि वेज तिला बोलण्यात गुंतवतायत, आणि तेवढ्यात क्लाउडने, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाने, मागच्या दाराने शिरून वडिलांच्या खोलीतून शिनराचं आयडी कार्ड उचलायचं. वडील तिथेच पलंगावर पडलेत. शिनराच्या नोकरीत असतानाच माकोची, म्हणजे शिनरा ज्यापासून वीज करते त्या द्रव्याची, विषबाधा झाली, तेव्हापासून शुद्ध नाही. पुढच्या खोलीत हसणं-खिदळणं चाललंय आणि इथे तुम्ही त्या माणसाच्या उशाशी उभे राहून कपाटं चाचपताय. गेम तिथे कोणतीच घाई करत नाही, लढाई नाही, टायमर नाही. मग चॅप्टर १२ मध्ये त्याच पिलरवर जेसी जेव्हा जाते तेव्हा आतून काहीतरी तुटतं, १९९७ ला त्या जागी मला तसं काही वाटलं नव्हतं. हे तास वाया गेले असं कोण म्हणेल?

चॅप्टर ३ चं पण तसंच, क्लाउडची लहानपणची मैत्रीण टिफा, तिच्यासोबत पाण्याचे फिल्टर पोचवा, हरवलेल्या मांजरी शोधा, कंटाळवाणं आहे मान्य, पण त्या गल्लीतले लोक ओळखीचे होतात, आणि नंतर तीच गल्ली चेंगराचेंगरीत पळताना दिसते.

माझी तक्रार आहे ती प्लेट पडल्यानंतरच्या गेमबद्दल. पण आधी तुम्ही बोला.


सिडकोचा_क्लाउड :

दादा जेसीबद्दल शंभर टक्के सहमत, पण तुम्ही पहिल्या अर्ध्याला फार सांभाळून घेताय. चॅप्टर ६ काय आहे सांगा बरं? प्लेटच्या पोटातले ते मोठे सन लॅम्प बंद करत फिरायचं, लिफ्ट चालू करायला वीज पाहिजे म्हणून. कल्पना म्हणून मस्त आहे, झोपडपट्टीला सूर्य दिसत नाही म्हणून वरून दिवे लावलेत, आणि आपणच ते विझवतोय, गटाचा म्होरक्या बॅरेट त्यावर बोलतो सुद्धा. पण ती कल्पना पहिल्या दिव्याला कळली ना, मग दुसरा तिसरा कशाला. पुन्हा लोखंडी जिने, पुन्हा तेच ड्रोन.

आणि चॅप्टर ११, ट्रेनचं कबरस्तान. इथे तर तुमचा बुवा सपशेल चुकलाय. गुंडांचा सरदार डॉन कॉर्नियो, त्याच्या तोंडून आत्ताच कळलंय की शिनरा सेक्टर ७ ची प्लेट पाडणार, गटारातून जीव मुठीत धरून निघालोय, टिफाचा चेहरा बघवत नाही, आणि मध्येच लहान पोरांची भुतं, बंद पडलेले डबे सरकवायचं कोडं, वर त्यांचा एक मोठा बॉस, म्हणजे म्होरक्या राक्षस. मूळ गेममध्ये पण हे कबरस्तान होतं, डबे हलवायचे होते, पण दहा-पंधरा मिनिटात पार. इथे तासाच्या वर जातो. टिफा म्हणते लवकर चला आणि गेम म्हणतो थांब आधी भुताची गोष्ट ऐक.


निळी_छत्री :

मी वेगळ्या बाजूने लिहिते, कारण मी जुना गेम खेळलेलाच नाही. तो आला तेव्हा माझा जन्म पण झाला नव्हता. स्टीमवर सेलमध्ये घेतला, इंदिरानगरला रूमवर मैत्रिणी मागे बसून बघायच्या, एकीला तर कंट्रोलर धरता येत नाही पण गोष्ट तिलाच जास्त पाठ.

मला चॅप्टर ८ सगळ्यात आवडला ज्याला बरेच जण स्लो म्हणतात. चर्चमधून पळून छपरांवरून फुलं विकणाऱ्या एरिथसोबत चालत जायचं, ती बडबड करत पुढे, क्लाउड मोजून दोन शब्द बोलणार, मग तिचं घर, फुलं, अनाथ मुलांचं लीफ हाऊस. तिथे लढाया पण जेमतेम. पण मला वाटतं आख्ख्या गेममध्ये क्लाउड पहिल्यांदा माणसासारखा वागतो तो इथे, आणि ते एका कटसीनमध्ये, म्हणजे नुसत्या बघायच्या दृश्यात, दाखवून जमलं नसतं, तिच्या मागे मागे चालावंच लागतं. तिच्यापुढे पळायला गेलं की ती मागून हाक मारते, ते मला फार आवडायचं.

पण शेवट मला काहीच कळला नाही हो. ती राखाडी झग्यातली भुतं कोण, ती अधूनमधून येऊन गोंधळ का घालतात, आणि सगळ्यात शेवटी तो काळ्या केसांचा मुलगा मोठी तलवार घेऊन सैन्याशी लढतो तो कोण? त्याचं नाव सुद्धा आमच्यातल्या कोणाला माहीत नव्हतं. पस्तीस तास गोष्ट सांगितली आणि शेवटचा तास दुसऱ्याच कोणासाठी होता असं वाटलं. गोदाकाठ दादा, तुमचं कीर्तनाचं उदाहरण छान आहे, पण ज्याला आख्यान माहीतच नाही असा कोणी मंडपात आला तर त्याने काय करायचं?


गोदाकाठ :

@निळी_छत्री, एकदम बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. ती भुतं म्हणजे व्हिस्पर्स, नियतीचे राखणदार म्हण. मूळ गोष्ट जशी घडली होती तशीच घडावी म्हणून ती आड येतात. आठव, चॅप्टर ४ च्या शेवटी ती सेक्टर ७ वर तुटून पडतात आणि जेसीच्या पायाला लागतं, म्हणून तिच्याऐवजी क्लाउड रिअॅक्टर ५ हे शिनराचं वीजकेंद्र उडवायला जातो. का, तर जुन्या गेममध्ये तो गेला होता. तो काळ्या केसांचा मुलगा झॅक, त्याची पूर्ण गोष्ट जुन्या गेममध्ये फार उशिरा कळते.

म्हणजे बघ, ज्याला जुनी गोष्ट माहीत आहे त्यालाच कळेल की व्हिस्पर्स काय धरून ठेवतायत. नव्या माणसाला नुसता अडथळा दिसतो. ही मोठी चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती पेसिंगचीच, म्हणजे गोष्टीच्या वेगाचीच चूक आहे, कारण एवढे तास हातात असताना नव्या माणसाला झॅकची साधी ओळख करून द्यायला अर्धा तास काढता आला नाही.


देवळाली_कॅम्प :

गोदाकाठ, झॅकचं ठीक, पण मुख्य खलनायक सेफिरोथचं काय? मला विचाराल तर रीमेकचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालंय आणि त्याचा तासांशी काही संबंध नाही.

मूळ गेममध्ये मिडगार संपेपर्यंत सेफिरोथ दिसत नाही. एकदाही नाही. शिनराच्या बिल्डिंगमध्ये आपल्याला कोठडीत टाकलेलं असतं, जाग येते तर दार उघडं, बाहेर पहारेकरी मरून पडलाय, आणि फरशीवर रक्ताचा पट्टा. संगीत बदललेलं. त्या रक्तामागे मजल्यामागून मजला चढत जायचं, आणि सगळ्यात वर प्रेसिडेंट शिनरा टेबलावर पालथा, पाठीत ती लांबलचक तलवार. जो माणूस आत्तापर्यंत या शहराचा मालक होता त्याला असं कोणीतरी येता येता मारून गेलंय. ते कोण, हे फक्त नावाने कळतं. मग शहराबाहेर पडून काम (Kalm) नावाच्या गावी पोचल्यावर क्लाउड त्याच्या गावची, निबेलहाइमची हकीकत सांगतो तेव्हा कुठे तो समोर दिसतो. मी तेव्हा शाळेत होतो, मामाच्या मुलाकडे खेळायचो, रात्री त्या रक्ताच्या पट्ट्याची भीती वाटायची.

रीमेकमध्ये तो चॅप्टर २ मध्येच आगीत उभा राहून बोलतोय. मग परत येतो, परत येतो, आणि शेवटी त्याच्याशीच बॉस फाइट. सात तासांच्या भागात ज्याची एक झलक पण दिली नव्हती तो चाळीस तासांच्या भागात सारखा डोळ्यासमोर. गोष्ट लांबवली तर भीती अजून ताणता आली असती, उलट तीच आधी खर्च करून टाकली.


सिडकोचा_क्लाउड :

+१. मी मूळ गेम नंतर मोबाइलवर खेळलो तरी तो रक्ताचा पट्टा काम करतो.


मटेरिया_मिसळ :

देवळाली भाऊ, तुमची भीती मला कळते पण २०२० ला ती जमली असती का? सेफिरोथ कोणाला माहीत नाही? गेम न खेळणाऱ्यांना पण ते पांढरे केस आणि लांब तलवार माहीत आहे. लपवलं असतं तर ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्यापासून लपवल्यासारखं झालं असतं. गोदाकाठ यांच्याच भाषेत, हरीण मारीच आहे हे बुवाने लपवून काय मिळणार? त्यापेक्षा क्लाउडच्या डोक्यात तो आधीपासून आहे, त्याला मध्येच काहीबाही दिसतं, डोकं धरून उभा राहतो, ही वेगळी भीती त्यांनी घेतली. मला ती चालली. जास्त वेळा वापरली हे मान्य.

मला मात्र दुसरंच सांगायचंय. मी गेम डेव्हलपमेंटमध्ये नाही पण थ्रीडीचं काम करते, आणि लोक जेव्हा म्हणतात की पैसे काढायला मुद्दाम ताणलं, तेव्हा मला वाटतं की ते एक गोष्ट विसरतात. १९९७ च्या गेममध्ये मागचं दृश्य म्हणजे आधी रेंडर केलेलं एक चित्र. एक चित्र म्हणजे एक गल्ली. क्लाउड या कोपऱ्यातून शिरला, त्या कोपऱ्यातून बाहेर, पाच सेकंद. सेक्टर ५ आणि सेक्टर ६ मध्ये किती अंतर आहे हे तुमच्या मनाने भरायचं. संवाद तर डब्यातल्या अक्षरात, आवाज कोणालाच नाही, तुम्ही बटन दाबाल त्या वेगाने गोष्ट पळणार.

आता तीच गल्ली खरी बांधायची म्हटली की चालावी लागते. तेच वाक्य माणसाने उच्चारायचं म्हटलं की त्याला श्वास लागतो, समोरच्याला ऐकून चेहरा बदलायला वेळ लागतो. जे दोन सेकंदात वाचून व्हायचं त्याला दहा सेकंद. सगळ्या गेमला हे लावून बघा. कोणी काहीही नवीन घातलं नाही तरी सात तासांचे पंधरा सहज होतील.

अजून एक. त्या अरुंद फटीतून अंग चोरून जायचं आणि मध्येच कानाला हात लावून हळू चालायचं, ते पुष्कळदा पुढचा भाग लोड होऊ द्यायला असतं. नंतर २०२१ ला पीएस ५ वर इंटरग्रेड ही सुधारलेली आवृत्ती आली, त्यात लोडिंग भराभर होतं, पण फटी तशाच आहेत कारण सगळी जागाच त्या हिशोबाने बांधलेली.

आणि काही बाबतीत रीमेक जुन्यापेक्षा वेगवान आहे हे कोणी बोलतच नाही! मूळ गेममध्ये दर थोड्या पावलांनी स्क्रीन गरगरणार, रँडम लढाई, तेच संगीत, जिंकल्याची तीच धून, परत गल्लीत. कोण काय बोलत होतं ते विसरायला व्हायचं. म्हणून तर स्विच वगैरेवरच्या जुन्या गेमच्या पोर्टमध्ये तीनपट स्पीड आणि रँडम लढाया बंद करायची सोय दिलीये. रीमेकमध्ये शत्रू समोर दिसतात, लढाई तिथल्या तिथे, त्याच गाण्याचा ठेका चढतो आणि लढाई संपली की उतरतो, बोलणं तुटत नाही.


देवळाली_कॅम्प :

ताई, आवाजाचा मुद्दा माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता. पटला. सेफिरोथचं अजून पटलेलं नाही.


रात्रपाळी :

अंबडला कंपनीत शिफ्ट असते, घरी आलो की झोपायच्या आधी तासभर खेळतो, त्यामुळे मी पेसिंग तेवढ्याच मापाने मोजतो. तासाभरात गोष्टीने मला काहीतरी दिलं पाहिजे. एक नवीन माणूस, एक कळलेली गोष्ट, एक भांडण, काहीही. तेवढं मिळालं की दुसऱ्या दिवशी मशीनवर उभा असताना डोक्यात तेच चालू राहतं.

वॉल मार्केटचा चॅप्टर ९ घ्या. केवढा लांब आहे, आणि तरी एकाही रात्री मी रिकाम्या हाताने झोपलो नाही. कोलोसियम, हनी बी इनचा नाच, क्लाउडचा ड्रेस, प्रत्येक रात्री नवीन माणूस भेटायचा. याच्या उलट चॅप्टर १७, शिनराचा शास्त्रज्ञ होजो, त्याची ती गोल ड्रमसारखी लॅब. एक जोडी या बाजूला, एक त्या बाजूला, हिने स्विच दाबला की तिचं दार उघडणार, मग परत. तिथे माझ्या सलग रात्री गेल्या आणि गोष्ट एक इंच पुढे नाही. एरिथ तर आधीच सुटलेली, शेवट समोर दिसतोय, बाहेर पडायचं फक्त बाकी. असल्या वेळी माणसाला भूलभुलैयात कोण घालतं?

पण ५९ मजल्यांचा जिना मला आवडला. चॅप्टर १६ मध्ये शिनराच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टने जा नाहीतर जिन्याने, आपल्याला निवडायला देतात. मी जिना घेतला. नुसतं चढायचं. टिफा पुढे, बॅरेट धापा टाकतोय, मग चिडतोय, मग चिडायची पण ताकद नाही, मजल्यांचे आकडे हळूहळू बदलतायत. काही घडत नाही म्हटलं तर काहीच घडत नाही. पण ते थकतायत तसा मी पण थकत होतो. तिथे वेळ घेतला तो बरोबर वाटला, होजोच्या लॅबमध्ये घेतला तो चोरल्यासारखा.


सिडकोचा_क्लाउड :

जिना मूळ गेममध्ये पण होता, पुढच्या दारातून घुसायचं की मागच्या जिन्याने ते तिथेही विचारतात.


गोदाकाठ :

@रात्रपाळी भाऊ, तुमचा जिना वाचला आणि मला जे दोन वर्षं नीट मांडता येत नव्हतं ते सापडलं. पात्राच्या मनात त्या क्षणी काय चाललंय आणि आपल्या हातांना गेम काय करायला लावतोय, हे दोन्ही एका दिशेने असेल तर कितीही हळू चालतं. जिन्यावर त्यांना चढायचंय, आपण चढतोय. जेसीच्या घरी क्लाउडला आवाज न करता कपाट उघडायचंय, आपण तेच करतोय. छपरांवर एरिथला हा वेळ संपू नये असं वाटतंय आणि निळी_छत्रीला पण वाटत नव्हतं. याच्या उलट ट्रेनच्या कबरस्तानात टिफाचा जीव टांगणीला आणि आपले हात कोडं सोडवतायत.

आता प्लेट पडल्यानंतरची माझी तक्रार. एरिथला शिनराने नेलंय. चॅप्टर १३ मध्ये एरिथची आई एल्मायरा म्हणते की लगेच जाऊ नका, ते तिला परत पाठवतील, तुम्ही गेलात तर उलट बिघडेल. मला हे फार आवडलं कारण थांबायला कारण दिलं, आईच्या तोंडून दिलं, आणि क्लाउडला थांबणं असह्य होतंय हे दिसतं. मग चॅप्टर १४ ची सुरुवात, रात्री बागेतला तो प्रसंग, आख्ख्या गेममधला सगळ्यात हळवा. सकाळी एल्मायरा स्वतःच म्हणते जा, आणा तिला. बास! आता पळायचं ना? जुन्या गेममध्ये वॉल मार्केटला जाऊन लोंबणाऱ्या वायरला धरून सरळ वर चढायचं होतं. इथे काय, तर नकाशावर पुन्हा साइड क्वेस्टच्या खुणा उगवल्या. सॅमचे हरवलेले चोकोबो, ते स्वारीचे मोठे पक्षी, शोधा. संगीताच्या डिस्क गोळा करा. कॉर्नियोच्या तिजोऱ्या उघडा. आणि मुख्य गोष्टीत कॉर्नियोचा माणूस लेस्ली, त्याच्यासोबत परत त्याच गटारात, परत तोच राक्षस आबझू. लेस्लीची गोष्ट वाईट नाही, त्याच्या होणाऱ्या बायकोचं नेकलेस वगैरे, पण ती दुसरीकडे कुठेही चालली असती. आईने जा म्हटल्यावर पाऊल मागे घ्यायला लावलं, आणि इतक्या मेहनतीने उभी केलेली तळमळ तिथेच विरघळली.

साइड क्वेस्ट नकोत असं मी म्हणत नाही. तेच चोकोबो चॅप्टर १३ मध्ये, एल्मायराने थांबा म्हटलेल्या काळात दिले असते तर? थांबायचंच आहे, हाताला काम पाहिजे, क्लाउड काहीतरी करत राहतो कारण बसवत नाही. एक अक्षर न बदलता तेच काम गोष्टीत बसलं असतं.


निळी_छत्री :

ही कल्पना किती छान आहे. आणि बॅरेटला पण तेव्हा त्याच्या छोट्या मुलीजवळ, मार्लीनजवळ राहायचं असतं ना, त्याच्यासाठी पण थांबणं साहजिक झालं असतं.


मटेरिया_मिसळ :

याच्यावर एक शंका. मूळ गेमचा शेवटचा भाग आठवा. आकाशात मीटिअर लटकलाय, जग बुडणार, आणि आपण काय करतोय? चोकोबोंच्या जोड्या लावून सोनेरी चोकोबो पैदा करतोय, गोल्ड सॉसरच्या मनोरंजन पार्कात शर्यती लावतोय. तास न् तास. तेव्हा कोणालाच खटकलं नाही. मग चॅप्टर १४ च का खटकतो?


देवळाली_कॅम्प :

कारण तिथे कोणी कानाशी येऊन 'लवकर चला' म्हणत नव्हतं. मीटिअर वर स्थिर, वर्ल्ड मॅपवर आपण एकटे विमानात, आणि ते चोकोबो आपण शोधायला गेलो म्हणून सापडले. दिवस किती गेले हे गेम सांगत नाही, आपणही विचारत नाही. रीमेकमध्ये माणसं सतत सोबत चालतायत, बोलतायत, चेहऱ्यावर काळजी दिसतेय. इतकी खरी माणसं उभी केल्यावर त्यांची घाई पण खरी धरावी लागते.


पेठरोड_पीएस५ :

उशिरा आलो. रीमेकचा पुढचा भाग रीबर्थ कोणी खेळलं नाही का? २९ फेब्रुवारी २०२४ ला आला, शहर सोडल्यापासून एरिथच्या मृत्यूपर्यंतची गोष्ट, १४ चॅप्टर पण रीमेकपेक्षा कितीतरी मोठा. तिथे हीच चर्चा दुप्पट होईल. प्रत्येक प्रदेशात चॅडली या संशोधक पोराचे टॉवर, त्याचे फोन, प्रत्येक गावात नवीन मिनीगेम. मला क्वीन्स ब्लडचे पत्ते जाम आवडले ते सोडा.

पण एका जागेबद्दल मला अजून राग आहे, तो इथे काढतो. कोरेलच्या तुरुंगात बॅरेट आणि डाइन. जुने मित्र, दोघांचा एकेक हात गेलेला, दोघांच्या हाताच्या जागी बंदूक, आणि मार्लीन खरं तर डाइनची मुलगी. तो प्रसंग त्यांनी असा केलाय की मी कंट्रोलर खाली ठेवला. बॅरेटचा आवाज फुटतो तिथे माझा पण गळा दाटून आला. आणि त्यानंतर पाच मिनिटं शांतता द्यायची ना? नाही. लगेच शिनराचा अधिकारी पामर येतो, तो जाड्या, मोठ्या यंत्रात बसून, विनोदी चाळे करत, आणि त्याच्याशी बॉस फाइट. बॅरेटला रडायला पण दिलं नाही. दोन्ही प्रसंग आपापल्या जागी चांगले असतील, पण त्या क्रमाने लावणाऱ्याचा मला खरंच राग आहे. नुसतं पात्रांना घेऊन वाळवंटातून गाडीकडे चालत जाऊ दिलं असतं, संवाद सुद्धा नको होता.


रात्रपाळी :

पेठरोड भाऊ हे वाचून परत ते सगळं आठवलं. माझ्या घरात सगळे झोपलेले होते म्हणून हेडफोन लावून बघितलं होतं ते. पामर आला तेव्हा मी बंदच केला गेम, दुसऱ्या दिवशी पुढे खेळलो.


सिडकोचा_क्लाउड :

मी थोडं दुसऱ्या रीमेककडे नेतो. पर्सोना ३ रीलोड, २००६ चा गेम, २०२४ ला नव्याने केला. तिथे कॅलेंडर आहे, दर पौर्णिमेला संकट येणार, मधल्या दिवसात शाळा, मित्र, टार्टारसचा टॉवर. त्यांनी कॅलेंडर जसंच्या तसं ठेवलं आणि त्यामुळे गोष्ट सुटत नाही, तुम्ही कितीही टाइमपास केला तरी दिवस जातोच, पौर्णिमा येतेच. टार्टारस तिथे पण कंटाळवाणा आहे, मजल्यावर मजले, पण आज वर जायचं की मित्राकडे ते मी ठरवतो. फायनल फँटसीला असं दिवसांचं काही बंधन घालता येईल का माहीत नाही, पण निदान गोष्ट घाईत असताना नकाशावरच्या खुणा पुसून टाकायला काय हरकत होती.


गोदाकाठ :

खुणा पुसा, अगदी हेच. चॅप्टर सिलेक्ट दिलेलाच आहे, ज्याला सगळं गोळा करायचंय तो गेम संपल्यावर परत जाईल.

@मटेरिया_मिसळ, मीटिअरचा तुमचा प्रश्न मला तिसऱ्या भागासाठी फार महत्त्वाचा वाटतोय. रीबर्थ जिथे संपतो तिथून पुढे मीटिअर येणार, विमान येणार, आणि या वेळी सोबतची माणसं गप्प नसणार. आठ जणं विमानात बसून आकाशातल्या त्या गोळ्याकडे बघतायत आणि खाली प्रत्येक गावात मिनीगेम, हे रीबर्थच्या पद्धतीने केलं तर चॅप्टर १४ पेक्षा वाईट होईल. माझी इच्छा एवढीच की शेवटच्या चढाईच्या आधी क्लाउड सगळ्यांना सांगतो ना, घरी जा, आपण कशासाठी लढतोय ते शोधून या, तो प्रसंग जुन्या गेममध्ये होता, तो त्यांनी धरून ठेवावा आणि साइड क्वेस्ट सगळे त्या प्रसंगानंतर द्यावेत. बॅरेटसोबत मार्लीनकडे जायचं, रेडसोबत कॉस्मो कॅन्यनला, सिडसोबत रॉकेट टाउनला. तिथे मी कितीही तास द्यायला तयार आहे.


पेठरोड_पीएस५ :

आणि युफीसोबत वुटाईला. तिथली डाचाओची मूर्ती पूर्ण चढू दिली तर लोडिंगच्या फटी पण चालतील मला.


निळी_छत्री :

मी आता जुना गेम सुरू केलाय, तीनपट स्पीड न लावता. आत्ता ट्रेनमध्ये आहे, जेसी नकाशा दाखवतेय. रक्ताच्या पट्ट्यापर्यंत पोचले की देवळाली दादांना इथेच सांगते भीती वाटली का ते.